उशीतली भर

४ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक लोकरीची शाल आणि दुकानातल्या मैत्रिणींनी निरोपाला दिलेली ही वही. एकोणचाळिसाव्या वर्षी नवी नवरी व्हायचं म्हणजे गंमतच. सकाळी रजिस्टरवर सह्या केल्या आणि दुपारी या घरात चहा गाळत उभी होते. ह्यांनी मोठ्या ऐटीत माझ्यासाठी दार उघडलं, तर दाराची मूठच हातात आली. सगळे इतके हसलो की अवघडलेपण निम्मं तिथेच संपलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, खाली ह्यांचं चष्म्याचं दुकान. तीन खोल्या, आणि पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जुना लोकरी गालिचा. अकरा वर्षं ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर काढल्यामुळे माझी नजर आधी गालिच्याच्या कडेला गेली. तिथे तो टक्कल पडल्यासारखा झालाय. जुना आहे, चालायचंच.

माणसं चौघं. हे, सासूबाई, मी आणि ह्यांची सात वर्षांची लेक. तिला सगळे खारू म्हणतात, कारण सापडेल ती वस्तू ती खारीसारखी कुठेतरी दडवून ठेवते. खोडरबर चपलेत, बिस्किट पुस्तकात. माझ्या बॅगेत मला आत्ताच एक लाल बटण मिळालं. मी ते स्वागत समजून जपून ठेवलंय.

तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, लांबलेल्या आजारपणात. भिंतीवर फोटो आहे. गुडघ्यापर्यंत शेपटा! सासूबाईंनी मला बघायच्या वेळी शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. माझी वेणी हातात घेऊन तोलली आणि भरघोस आहेत, एवढंच म्हणाल्या.

खारू मला 'ओ' म्हणते, बसच्या कंडक्टरला म्हणावं तसं. काखेत सदैव एक तपकिरी, हातभर लांबीची उशी. तिचं नाव गब्दुली. गब्दुलीला कुणी हात लावायचा नाही. मी नुसतं बोट पुढे केलं तर पोरगी मागे सरकली. असू दे. मला कशाचीच घाई नाही, असं मी ह्यांना सांगितलं. इथे खरं लिहिते: या एकाच गोष्टीची मला घाई आहे. तिने मला आई म्हणावं.

७ मार्च, गुरुवार

रुळतेय. बाजारातून पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ आणून खिडकीत ठेवला. तासाभरात त्यावर इवलेसे किडे आले, तिळाहून जरा मोठे, गोल, पाठीवर पांढरे-पिवळे ठिपके. नक्षी काढल्यासारखे दिसतात. खिडकीच्या चौकटीतही पाच-सहा मरून पडले होते, ते फुंकर मारून उडवले.

या घराची एक रीत मजेशीर आहे. केस विंचरले की गुंतवळ टाकायचं नाही. सासूबाईंकडे पत्र्याचा डबा आहे, त्यात ठेवायचं. त्यांचं पांढरं, खारूचं भुरं आणि आता माझं काळं. का, म्हणून विचारलं, तर घरातले केस गटारात जाऊ नयेत, म्हणाल्या. मोरी तुंबण्यापेक्षा बरंच की. मीही रोज माझी गुंडाळी करून डब्यात टाकते. डबा मात्र कधी भरत नाही.

१३ मार्च, बुधवार

खारूच्या उजव्या गालावर, मानेवर आणि कानामागे पुरळ उठलंय. लाल, बारीक, रांगेने. पोर रात्रंदिवस खाजवते. डॉक्टरांनी दुरूनच बघितलं आणि ढेकूण म्हणाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, जणू ढेकूण मीच बॅगेत घालून आणले.

फवारणीवाला आला. गाद्या उलट्या केल्या, खाटांच्या सांध्यांत नळी घातली, घरभर त्या औषधाचा उग्र वास. ढेकूण एकही सापडला नाही. फवारणी चालू असताना खारू गब्दुलीला घेऊन जिन्यात बसून राहिली, तिला काही औषध लागू दिलं नाही. गादीखाली एक गोष्ट मिळाली. पोकळ, तपकिरी, केसाळ सालपटं, चिमूटभर. फवारणीवाला म्हणाला, कचरा आहे. मी झाडून टाकला.

१६ मार्च, शनिवार

माझी शाल! कपाटातून काढली तर सात-आठ भोकं. काउंटरवर असे कपडे शेकड्यांनी बघितलेत. कसर लागली, म्हणून सांगायचं आणि पावती फाडायची. पण कसर लागली की बारीक जाळीही सापडते. इथे जाळी नाही. मी शाल खिडकीपाशी नेऊन झटकली आणि ते माझ्या मनगटावर पडलं.

आधी वाटलं, लोकरीचा धागा. मग तो धागा चालायला लागला.

ह्यांच्या दुकानातून भिंग आणलं. हे स्वतः घेऊन आले, माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. बघा तरी, म्हटलं. नको, म्हणाले. दिवसभर भिंगं हाताळणारा माणूस!

मी बघितलं. मला आता ते विसरता येत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी बुटकी अळी. अंगावर तपकिरी आणि फिकट पट्टे, आणि सगळीकडून केस. ताठ, सोनेरी, राठ केस. मी टाचणीने डिवचलं तशी तिने शेपटाकडचे केसांचे झुबके पंख्यासारखे फुलवले. मी मोरीत जाऊन दोनदा साबणाने हात धुतले, मग तिसऱ्यांदाही धुतले.

नंतर फोनवर फोटो ताडून बघत बसले. गालिच्यातला भुंगेरा. खिडकीतले ते नक्षीदार किडे म्हणजे यांचेच आईबाप. ते फुलांवर जातात, परागकण खातात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. खातात ती पोरं. लोकर, पिसं, केस, मेलेले किडे, वाळलेली कातडी. वाढताना कात टाकत जातात, म्हणजे गादीखालचा तो कचरा नव्हता. चावत नाहीत. पण त्यांचे केस गळतात आणि माणसाच्या अंगात रुतले की पुरळ उठतं. ढेकूण नव्हतेच. खारूच्या गालाला याच अळ्या घासतायत.

उजेड त्यांना नको असतो. आणि मारत बसून उपयोग नाही. त्या खातायत काय आणि कुठे, ते शोधायचं. मूळ सापडलं की संपलं.

१९ मार्च, मंगळवार

पदर खोचला आणि लागले. गालिचा गुंडाळला. खाली सालपटांचा थर, झाडू फिरवला की भुशासारखा उडायचा. नाकाला रुमाल बांधला तरी काहीतरी जिभेवर आलं. मी थुंकत राहिले. कपाटांमागे, फळ्यांच्या फटींत, सगळीकडे त्या. कोपऱ्यातून बाहेर काढल्या की आडोशाकडे धावायच्या, घाईघाईने, ढुंगणाचे केस हलवत.

मोरीच्या झरोक्यात चिमणीचं जुनं घरटं होतं. आत मेलेलं पिल्लू. नुसती हाडं आणि पिसांची खोळ, आणि ती खोळ हलत होती. मी ओकले. पण सापडलं होतं मूळ! घरटं पिशवीत बांधून लांब फेकून आले, फटी घासल्या, गालिचा धुवायला पाठवला. जीव भांड्यात पडला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. एवढं कशाला करतेस, म्हणाल्या. त्या कुणाचं काय घेतात.

२२ मार्च, शुक्रवार

आज आनंदच आनंद! दुपारी खारू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि फणी घेऊन माझ्यामागे येऊन बसली. विंचरू का, म्हणून विचारलं. मी श्वास रोखून बसले, हलले तर उडून जाईल की काय असं वाटत होतं. तिने अर्धा तास विंचरलं. जरा जोरातच, खूप केस तुटले, पण तुटू देत की. एकेक केस गोळा करून तिने मुठीत घेतला. माझे केस गब्दुलीला फार आवडतात, असं म्हणाली.

मी दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि पुसतच राहिले.

२५ मार्च, सोमवार

परत आहेत.

आणि भलत्याच ठिकाणी आहेत. ह्यांच्या कोटाच्या खिशात तीन. फोटोच्या चौकटीमागे. माझ्या चष्म्याच्या डबीत दोन, झाकण घट्ट बंद. माझ्या उशीच्या अभ्र्यात मूठभर. सकाळी उठले तर गालाला एक चिकटलेली, मेलेली, आणि तोंडात केस. माझा नव्हे. आखूड, राठ, सोनेरी. अर्धा तास जीभ खरवडत होते.

लोकर नाही, पीस नाही, तिथे त्या जातीलच कशाला? आणि बंद डबीत आपण होऊन कशा शिरतील?

खारू आजही विंचरायला आली. फणीच्या दातांत एक अडकलेली दिसली. मी किंचाळले. खारूने ती चिमटीत अलगद धरून बाजूला ठेवली आणि विंचरत राहिली. मी उठले नाही. मला उठवेना.

२६ मार्च, मंगळवार

पत्र्याचा डबा उघडला. तळाशी माझं परवाचं गुंतवळ होतं, आणि ते वळवळत होतं. काळ्या केसांतून त्या आत-बाहेर, आत-बाहेर. झाकण सुटून खाली पडलं.

सासूबाई आल्या. अजिबात दचकल्या नाहीत. झाकण उचलून परत लावलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं.

औषधांनी खारूच्या आईचे केस गळायला लागले तेव्हा ती रोज उशाखालून गोळा करून सासूबाईंना द्यायची. म्हणाली, माझ्या पोरीला याची उशी करा. मी नसले तरी गाल टेकायला मी असेन. मग तो गुडघ्यापर्यंतचा शेपटा सगळाच उतरला. सासूबाईंनी खोळ शिवली, भरली. ती गेली त्या दिवसापासून खारू त्यावर झोपते.

ऐकताना माझे डोळे भरून आले होते. पण पुढे त्या म्हणाल्या की उशी काही टिकेना. दर महिन्याला बसायची, सपाट व्हायची. मग दर महिन्याला टाके उसवायचे आणि घरातल्या केसांची भर घालायची. त्यांचे स्वतःचे, खारूचे. पण दोघींचे ते कितीसे. खारू रडायची, आई बारीक होतेय म्हणून.

म्हणून भरघोस केसांची सून.

उशी बसत नव्हती हो. उशी खाल्ली जात होती. दोन वर्षं. आणि हे सगळे मिळून जेवायला घालत होते.

मी म्हटलं, आपण गब्दुलीला पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवू, दोन-तीन आठवडे, सगळ्या मरतील, केस राहतील. सासूबाईंनी डबा मांडीवर ओढून घेतला. माणसाला कुणी बर्फात ठेवतं का, म्हणाल्या.

ह्यांनाही विचारलं. त्यांना माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पोरीजवळ तेवढंच उरलंय, म्हणाले, आणि खाली दुकानात गेले.

२८ मार्च, गुरुवार

खारूचा गाल आता सुजलाय, डोळ्यापर्यंत. खाजवून खाजवून पाणी सुटलंय. या गालासाठी मला हे करायला हवं. ती माझं तोंड बघणार नाही, नाही तर नाही. ती शाळेत गेलीय. सासूबाई बाजारात. गब्दुली आज पहिल्यांदा घरात एकटी आहे.

हातात घेतली. कोमट आहे. पोर आत्ताच तर उठून गेलीय, म्हणून असेल.

कान लावला. तांदूळ निवडताना होतो तसा आवाज, बारीक, सतत.

खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरलंय. कात्री आणते.

२८ मार्च, संध्याकाळ

उसवली. लिहून काढते, नाहीतर ते पोटातच राहील.

खारूच्या आईचा एकही केस नाही. एकही नाही. मी बघितलं, भिंग घेऊन बघितलं. वाळूसारखी विष्ठा, ओंजळी-ओंजळीने. सालपटं, चुरा झालेली, एकात एक बसलेली. वरच्या बाजूला थोडे पांढरे तुकडे, आणि मधोमध माझे केस, नवे, काळे, चमकदार. आणि त्यांना लगडलेल्या त्या. उजेड पडला तशा सगळ्या एकदम आत शिरायला लागल्या. एकमेकींच्या खाली. तो सगळा ढीग श्वास घेतल्यासारखा वर-खाली. वास — जुन्या, न धुतलेल्या डोक्याचा वास. दोन वर्षं ती पोर याच्यावर तोंड उघडं टाकून झोपलीय —

वेळेचं भान राहिलं नाही. मागे वळले तर दप्तर पाठीला तशी खारू.

मला वाटलं रडेल. रडली नाही. गुडघ्यांवर बसली आणि एकेक अळी चिमटीने उचलून तळहातावर घ्यायला लागली. अलगद. मी तिचा हात झटकला, त्या जमिनीवर पांगल्या, तशी ती त्यांच्यामागे रांगत गेली. मला समजावत होती. मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसं. म्हणाली, केस यांनी खाल्ले, म्हणजे आई आता यांच्यात आहे. इतकं साधं आहे ते.

आणि म्हणाली, बाबांच्या खिशात तिनेच ठेवली, बाबांना करमत नाही म्हणून. फोटोमागे तिने ठेवल्या. माझ्या डबीत, माझ्या उशीत, सगळं तिनेच. आईची आणि माझी ओळख व्हावी म्हणून.

दुपारभर मी तिला हाताला धरून आवरू बघत होते. तो तळहात — त्याला रांगेने पुरळ — आणि तो माझ्या गालावरून फिरवला तिने —

२९ मार्च, शुक्रवार

बॅग भरलीय. पोरीला घेऊन डॉक्टरकडे, नीट बघणाऱ्या डॉक्टरकडे, आणि तिथून माझ्या बहिणीकडे. हे अडवणार नाहीत. हे काहीच करत नाहीत.

बॅगेत शाल ठेवली. शालीत पंधरा-वीस. हळूच घडी करून ठेवलेल्या. बाळाला ठेवावं तशा.

दुपार

सासूबाईंनी नवी खोळ शिवली. सकाळपासून मशीन चालू होतं. मी काल जे जे कचऱ्यात टाकलं ते त्यांनी वर्तमानपत्रासकट परत आणलं. सगळं खोळीत. खोळ निम्मीच भरली. खारूने ती गालाला लावून बघितली आणि पहिल्यांदाच रडली. ओक्साबोक्शी. भूक लागलीय तिला, भूक लागलीय म्हणत.

मी दारापर्यंत गेले होते. एका हातात बॅग, दुसरा हात पोरीपुढे. चल, म्हटलं. दाराची मूठ अजून तशीच सुटी. हातात आली —

मग तिने हाक मारली. ओ नाही.

आई म्हणाली. मला. माझ्याकडे बघून.

आई, तुझे दे ना.

दुपार, नंतर

बसलेय. फक्त वेणीच तर आहे. केस काय, वाढतात. एवढं देऊन झालं की तिला घेऊन निघायचं, नक्की निघायचं. मान हलू नये म्हणून वही मांडीवर घेऊन लिही, असं सासूबाई म्हणाल्या. कात्री थंड आहे. खारू मागे बसून विंचरतेय, जोरजोरात, आणि गुणगुणतेय. पुन्हा म्हणाली. आई. किती वाट बघितली होती मी या —

वेणी गेली. डोकं हलकं. आता या दोघी थांबतील.

थांबत नाहीत. सासूबाई म्हणतात मुळापर्यंत, वाया का घालवायचे. खारूच्या दोन्ही मुठी भरल्यात, माझ्या खांद्यावर उघडतेय —

चावत नाहीत. त्या चावत नाहीत, मला माहीत आहे, फक्त त्यांचे केस —

मानेवर. कॉलरच्या आत. कानाच्या पाळीपाशी घुटमळतेय एक, अंधार शोधतात त्या, अंधारात —

हलू नकोस ना, आई, म्हणतेय ती, आता तुमची दोघींची ओळख होई